आधी टाच बघा

शुश्रूषा केंद्रात गेल्यावर मी चेहऱ्याकडे नंतर बघते. आधी पायथ्याशी जाते, चादर गुडघ्यापर्यंत वर करते आणि टाच बघते. सोबत आलेला मुलगा किंवा सून जरा अवघडते. त्यांनी पेढे आणलेले असतात, नातवंडांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवलेले असतात आणि डॉक्टरीणबाई मात्र आल्या आल्या आईचे पाय उघडे करून बसलेल्या. पण भेटीच्या आधी चेहरा पुसता येतो, पावडर लावता येते, केस विंचरता येतात. टाच अर्ध्या तासात बरी करता येत नाही.

टाचेच्या हाडावर मांस जवळपास नसतंच. अंथरुणाला खिळलेला माणूस उताणा पडून राहिला की पायाचा सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतो. तिथला रक्तपुरवठा दबतो आणि काही तासांत आतल्या पेशी मरायला लागतात. वरची कातडी अजून शाबूत दिसत असते. पाठ्यपुस्तकांत पहिल्या पायरीचं वर्णन ‘लाल डाग, बोटाने दाबला तरी फिका न पडणारा’ असं असतं. ते गोरी कातडी समोर ठेवून लिहिलंय. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसत नाही, तिथे हात फिरवावा लागतो. बाजूच्या जागेपेक्षा गरम लागतं, कधी टणक, कधी लिबलिबीत. जांभळट-काळं दिसायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. टाचेनंतर माकडहाड, खुब्याचा उंचवटा, खांद्याची मागची बाजू, डोक्याचा मागचा भाग. कॅथेटरची नळी मांडीखाली राहून पडलेला वळ. ऑक्सिजन लावला असेल तर कानामागे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात हजारो निराधार म्हाताऱ्या बायका ठेवलेल्या असत. तिथला नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ ज्याँ-मार्तां शार्को मानत असे, की अशी जखम मज्जासंस्थेच्या बिघाडामुळे होते, ती मरण जवळ आल्याची खूण असते आणि तिच्यावर फारसा इलाज नाही. त्याच काळातला आणखी एक डॉक्टर, ब्राउन-सेकार, म्हणत होता, की खरी कारणं दाब आणि ओल ही आहेत, ती काढा. ब्राउन-सेकार बरोबर होता. पण आपल्याकडच्या अनेक केंद्रांत शार्को अजून नोकरीला आहे. ‘बेडसोअर काय मॅडम, या वयात व्हायचेच’ हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्यावर वाद घालत नाही, कूस बदलल्याचा तक्ता मागते.

खरं तर प्रत्येक जखम म्हणजे हयगय असं मी म्हणणार नाही. अखेरच्या दिवसांत इतर अवयवांसारखी त्वचाही हार मानते आणि उत्तम काळजी घेऊनही जखम होते. म्हणून जखमेपेक्षा तिच्याभोवतीच्या गोष्टी जास्त सांगतात. ड्रेसिंगवर तारीख आहे का. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात का. दुपारी साडेबाराला मी संध्याकाळच्या सहाची सही झालेली पाहिलेली आहे. हवेची गादी पाच-सहा हजारांची आणलेली असते, पण तिचा पंप बंद. खोलीत सॉकेट एकच आणि त्यात मोबाइल चार्जिंगला.

काळ्या-निळ्या डागांबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात आणि तिथे घाईने निष्कर्ष काढू नये असंच मी सांगते. सत्तरीनंतर हाताच्या मागच्या बाजूची कातडी कागदासारखी पातळ होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नुसत्या धरण्याने डाग उमटतो. कॅलिफोर्नियातल्या लॉरा मॉस्केडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरएक वृद्धांच्या अंगावरचे डाग रोज तपासून २००५ साली निष्कर्ष मांडले. आपोआप किंवा किरकोळ धक्क्याने झालेले सुमारे ९० टक्के डाग हातापायांवर होते. मान, कान, कुल्ले, तळपाय यांवर एकही नव्हता. रंगावरून डाग किती दिवसांचा ते सांगता येतं, हा समजही त्यात मोडीत निघाला. काही डाग पहिल्या चोवीस तासांतच पिवळे दिसत होते. याच गटाने पुढे २००९ साली प्रत्यक्ष मार खाल्लेल्या वृद्धांचा अभ्यास केला. त्यांच्या अंगावरचे डाग मोठे होते, निम्म्याहून अधिक जणांना पाच सेंटिमीटरहून मोठा किमान एक तरी डाग होता, आणि ते चेहऱ्यावर, उजव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला, पाठीवर जास्त सापडले. जखम कशी झाली हे त्यांतल्या बहुतेकांना आठवत होतं. ‘त्यांना काही कळत नाही हो’ असं म्हणून आजींना न विचारताच देखभालीच्या मावशीला विचारण्याची आपली रीत आहे, ती इथे सोडावी.

मारहाण मी पाहिली आहे, पण कमी. उपासमार पुष्कळ पाहिली आहे आणि ती कुणी ठरवून केलेली नव्हती. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला नीट भरवायला अर्धा तास लागतो. घास तोंडात ठेवला तर तो गिळायचा हे विसरायला होतं, मग थांबायचं, आठवण करून द्यायची, पाण्याचा घोट, पुन्हा घास. एका मावशीकडे अशी सहा माणसं असली तर दुपारचं जेवण भरवायला तीन तास हवेत. जेवणाची वेळ असते साडेबारा ते दीड. हे गणित जगातली कुठलीही प्रेमळ बाई सोडवू शकत नाही. मग वरण-भात मिक्सरमधून काढून ओतला जातो, ठसका लागतो, पुढे न्यूमोनिया होतो. नाहीतर ताट तसंच परत जातं आणि वहीत लिहिलं जातं, ‘जेवण व्यवस्थित’.

म्हणून मी वजन विचारते. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटलं तर ते साधं नव्हे. पन्नास किलोच्या आजींचं महिन्यात अडीच किलो. आजी उभ्या राहू शकत नसतील तर शिवणकामाची टेप पुरे. पोटरीचा घेर एकतीस सेंटिमीटरच्या खाली असेल तर कुपोषणाची शंका घ्यावी. घरच्यांनी दर महिन्याला तेवढा एक आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवला तरी माझं अर्धं काम होतं.

पाण्याचं आणखी वाईट. संध्याकाळी पाचनंतर पाणी द्यायचं नाही, असा अलिखित नियम कितीतरी ठिकाणी आहे, कारण रात्री डायपर बदलायला लागू नये. वृद्धांना मुळात तहान कमी लागते, त्यामुळे ते मागतही नाहीत. मग लघवी गडद, जीभ कोरडी, मळाचा खडा, आणि एक दिवस आजोबा असंबद्ध बडबडायला लागतात. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. त्वचा चिमटीत धरून बघण्याची युक्ती म्हाताऱ्या कातडीवर चालत नाही. जीभ आणि काख बघावी. डायपरचंही सांगते. एकेक डायपर तीस-चाळीस रुपयांच्या घरात, बिलात महिन्याचे शंभर-सव्वाशे नग लावलेले. दुपारी भेटून निघताना डायपरच्या कडेला पेनाने बारीक खूण करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. खूण तशीच असेल तर पुढे काही विचारायला नको. हे सांगितल्यावर काही मुलांना ते हेरगिरीसारखं वाटतं. असेल. मला त्यात लाज वाटत नाही.

बांधून ठेवण्याबद्दल केंद्रचालक मोकळेपणाने बोलतात, हेच मला जास्त खुपतं. ‘पडल्या तर तुम्हीच आम्हाला धराल ना?’ जुन्या साडीची पट्टी, ओढणी, कधी गाउनचाच पट्टा. मनगटाभोवती गोल वळ, किंवा दोन्ही मनगटांवर सारख्याच उंचीला घासलेली कातडी, हे अपघाताने होत नाही. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो आणि त्यात जास्त वाईट पडतो. बांधल्याने पडणं टळतं याला आधार नाही. अमेरिकेत १९८७ साली नर्सिंग होम सुधारणेचा कायदा झाला. शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणालाही बांधता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णालयांपुरती तरी अशी बंधनं घातली: तज्ज्ञाची परवानगी हवी, नोंद हवी, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवायला हवं. उपनगरातल्या बंगल्यात चालणाऱ्या केंद्रात यातलं काही कुणी विचारत नाही.

दोरीपेक्षा गोळी जास्त सोयीची. वळ उमटत नाही. हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिन, क्वेटियापिन ही औषधं वाईट नाहीत, मीही लिहून देते. पण थोडक्या दिवसांसाठी, कारण सांगून, कधी बंद करायची ते ठरवून. या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यांतल्या नव्या औषधांबद्दल २००५ साली आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांबद्दल २००८ साली दिला. ब्रिटनमध्ये सुबे बॅनर्जी यांनी २००९ साली सरकारसाठी केलेल्या अहवालाचा अंदाज असा, की तिथे स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना ती दिली जात होती आणि त्यापायी वर्षाला १,८०० जास्तीचे मृत्यू होत होते. सकाळी अकराला गाढ झोप, तोंडातून लाळ, लाकडासारखे ताठ हात, घासत टाकलेलं पाऊल: हे दिसलं की गोळ्यांची पाकिटं मागवा आणि विचारा, ही कुणी लिहिली, केव्हापासून चालू आहे. ‘आधीच्या डॉक्टरांनी’ हे उत्तर ठरलेलं. आधीचे डॉक्टर केव्हा येऊन गेले, ते मात्र कुणाला सांगता येत नाही.

हे सगळं शरीरावर वाचता येतं. काही गोष्टी मात्र शरीरावर असूनही आपण छळ म्हणून मोजत नाही. एका केंद्रात सगळ्या बायकांचे केस एकसारखे बारीक कापलेले होते. उवा होत नाहीत, न्हाऊ घालायला सोपं, असं कारण. तिथल्या नव्वदीच्या एक आजी भर मे महिन्यात टॉवेल डोक्यावरून घेऊन बसलेल्या असत, काढायला गेलं की हात झटकत. मुलगा म्हणाला, किती सुटसुटीत दिसतंय ना! त्यांच्या लहानपणी घरात एक सोवळी आत्या होती, न्हावी मागच्या दाराने यायचा, हे मला त्यांच्याशी बोलताना कळलं. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. कुणीतरी येऊन आपले केस उतरवले याचा अर्थ त्यांच्या मनात काय झाला असेल, ते केंद्रातल्या पंचविशीतल्या मुलीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण विचारायला तरी काय हरकत होती? नऊवारीतून गाउनमध्ये आणणं, बांगड्या उतरवणं, चष्मा हरवेल म्हणून कपाटात ठेवणं, कवळी पिशवीत, श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली: प्रत्येकाला कारण असतं आणि एकेकटं कारण पटण्यासारखंही असतं. पण ज्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही, त्याची तक्रारही येत नाही. मी कपाट उघडून चष्मा बघते. काचेवर धूळ असेल तर तो किती दिवस डोळ्यांवर चढलेला नाही ते कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेने जगभरचे अभ्यास एकत्र केले आहेत. संस्थांत राहणाऱ्या वृद्धांपैकी साधारण एक तृतीयांशांनी मानसिक छळाची तक्रार केली, शारीरिक छळाची सुमारे चौदा टक्क्यांनी. मानसिक म्हणजे काय, तर निवृत्त मुख्याध्यापिकेला ‘ए, उठ गं’ म्हणणं. ‘आजी, उठ’ यातही एकेरी आहे, पण आपण सख्ख्या आजीलाही तसंच म्हणतो. त्यावरून काही ठरत नाही. ‘पुन्हा ओलं केलंस तर तसंच ठेवीन’ किंवा ‘मुलाला फोन करते, इथूनही काढतील मग’ यावरून ठरतं. अशी वाक्यं कुणी माझ्यासमोर म्हणत नाही. मी मावशी जवळ आल्यावर आजोबांचे खांदे बघते. काहींचे खांदे आपोआप वर चढतात.

‘इथे त्रास आहे का?’ हा प्रश्न फुकट जातो. उत्तर येतं, ‘छान आहे सगळं, माझी काही तक्रार नाही’ आणि नजर दाराकडे. त्यांना रात्र तिथेच काढायची असते, आपण संध्याकाळी घरी जाणार. शिवाय लेकाने लाख-दोन लाख डिपॉझिट भरलंय, त्याला कशाला घोर, हा विचारही असतोच. एकांतात, खालच्या आवाजात, बारीक प्रश्न विचारावेत. रात्री लघवीला लागली तर काय करता? हाक मारल्यावर कोण येतं? काल आंघोळ कुणी घातली, पाणी कसं होतं? आवडती मावशी कोण? नावडतीचं नाव मी विचारत नाही. सगळ्या आवडतींची नावं सांगून झाल्यावर जी उरते ती उरते.

लैंगिक छळ या वयात होत नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत, डॉक्टरसुद्धा. होतो. मांडीच्या आतल्या बाजूला किंवा छातीवर डाग, कारण न सापडणारा रक्तस्राव, नव्याने झालेला गुप्तरोग, डायपर बदलायला विशिष्ट माणूस आला की किंचाळणं: यातलं काहीही असलं तर आंघोळ न घालता, कपडे न धुता सरकारी रुग्णालय आणि पोलिस. केंद्राच्या ऑफिसात चर्चा नको.

पैशाचं एक साधं निरीक्षण. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी यंत्र घेऊन कुणीतरी येतं, अंगठा लागतो. ते रास्तच आहे. पण डाव्या अंगठ्यावर निळी शाई दिसली तर विचारा. दाखल्याच्या यंत्राला शाई लागत नाही.

हा सगळा छळ करणारी माणसं कोण? जागतिक आरोग्य संघटनेने एकत्र केलेल्या त्याच अभ्यासांत तीनपैकी जवळपास दोन कर्मचाऱ्यांनी, गेल्या वर्षभरात आपण कुठल्या ना कुठल्या प्रकारे छळ केल्याचं स्वतः कबूल केलं आहे. तीनपैकी दोन माणसं दुष्ट असू शकत नाहीत. माझ्या ओळखीच्या मावशा मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या, बारा तासांची पाळी, त्यांना कामाला पाठवणारा ब्यूरोवाला पगारातून कापून घेतो, आणि रात्री एकटीवर चौदा-पंधरा माणसं. कूस बदलायला दोघी लागतात. एकटी ओढून सरकवते, त्यात कातडी सोलते, तिची कंबर जाते. तरीही जी थप्पड मारते तिला मी पाठीशी घालत नाही. फक्त तिला काढून टाकलं की केंद्र स्वच्छ झालं, ही चालकांची समजूत मला मान्य नाही. दुसऱ्या दिवशी ब्यूरो तिच्या जागी दुसरी पाठवतो, अप्रशिक्षित आणि तितकीच एकटी.

आता कायदा. ज्येष्ठांसाठीचा २००७चा अधिनियम लोकांना ठाऊक आहे. त्यात मुलांनी चरितार्थ द्यायचा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरण आहे, ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रम असावा, असंही त्यात म्हटलंय. मात्र पैसे घेऊन चालवलेल्या केंद्रात रात्री किती माणसं हवीत, याबद्दल तो गप्प आहे. १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा छोट्या रुग्णालयांना लागतो. आमची ही केंद्रं ‘आम्ही रुग्णालय नाही’ म्हणून त्यातून निसटतात. तातडीने मदत हवी असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आहे, तिचा उपयोग होतो.

पण एक जुनं कलम क्वचितच कुणी वापरतं. १८६०च्या भारतीय दंड विधानात ते ४९१ क्रमांकाचं होतं, नव्या भारतीय न्याय संहितेत ३५७. लहान वय, मनोविकलता, आजार किंवा अशक्तपणामुळे असहाय झालेल्या माणसाची देखभाल करण्याचा कायदेशीर करार ज्याने केला आहे, त्याने जाणूनबुजून ती केली नाही तर तो गुन्हा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत, दंड पूर्वी दोनशे रुपये होता, आता पाच हजारांपर्यंत. शिक्षा किरकोळच. कलमाचा जोर ‘करार’ या शब्दावर आहे आणि तिथेच घरचे लोक अडतात. केंद्रात दाखल करताना जो कागद सही करून दिला जातो तो मी अनेकदा वाचला आहे. त्यात डिपॉझिट, आगाऊ फी, मृत्यू झाल्यास किती तासांत मृतदेह न्यायचा, हे सगळं असतं. देखभाल म्हणजे काय करणार, याबद्दल एखादं गुळमुळीत वाक्य.

तेव्हा सही करण्याआधी पेन हातात घेऊन कागदाच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहा: दर दोन तासांनी कूस बदलणार, महिन्यातून एकदा वजन घेऊन कळवणार, घरच्यांना न विचारता बांधणार नाही आणि झोपेची गोळी सुरू करणार नाही, रात्रपाळीला या मजल्यावर इतकी माणसं असतील. चालक म्हणतील, असं कुणी लिहून मागत नाही. ‘इतकी’च्या जागी आकडा त्यांनाच घालायला सांगा.